तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपला साइड स्टेप कुठली लावू?

घोडबंदर रोडवर माझी रोपवाटिका आहे आणि फाटकाशी डबल कॅब, म्हणजे चार दारांची, पिकअप उभी असते. रोपं न्यायला आलेली मंडळी निघताना हमखास गाडीपाशी थांबतात. “ताई, ही साइड स्टेप कुठून लावलीत? आम्हालाही लावायचीय, कुठली घेऊ?” साइड स्टेप म्हणजे गाडीत चढताना पाय ठेवायला दाराखाली लावायची पायरी. उभ्याउभ्या दोन वाक्यांत मी काहीतरी सांगते, पण त्यानं भागत नाही. म्हणून आज जरा सविस्तर.

दुकानाचं नाव सांगून उपयोग नाही, कारण माझ्या गाडीत चढणारी माणसं वेगळी आणि तुमच्या गाडीत चढणारी वेगळी. माझ्याकडे एक तर सासूबाई आहेत. सहावारी नेसतात आणि गुडघे दुखतात. इमारतीच्या जिन्याची पायरी साधारण 15 ते 18 सेंटीमीटर उंच असते. पिकअपमध्ये जमिनीवरून थेट दाराच्या उंबऱ्यावर पाय टाकायचा, म्हणजे निदान तीन पायऱ्या एका दमात चढण्यासारखं. त्या चढतात कशा, हे मी नीट पाहिलं तेव्हा मला पायरी निवडता आली. डाव्या हातानं खांबावरची मूठ धरतात, उजव्या हातानं निऱ्या किंचित उचलतात, उजवा पाय पायरीवर ठेवतात, मग डावाही तिथेच आणतात. दोन्ही पायांवर उभ्या राहून श्वास घेतात आणि मगच आत सरकतात. म्हणजे त्यांना पाय टेकायला नुसती दांडी चालत नाही, दोन्ही पावलं मावतील असा सपाट, रुंद फळा लागतो. तरुण माणूस पायरीला ओझरता पाय लावून आत जातो. त्याला गोल पाइपही पुरतो.

दुसरी माणसं म्हणजे माझे कामगार. तेही पायरीवर उभे राहतात, पण कुंड्या भरल्यावर ताडपत्रीची दोरी आवळायला. जोर लावतात तेव्हा सगळा भार पायरीच्या मागच्या टोकावर येतो, आणि तोही पावसात, चिखलानं भरलेल्या चपलेनं. गुळगुळीत क्रोमच्या गोल पाइपवर ओली चपल टिकत नाही. पाइपच हवा असेल तर त्यावर खडबडीत रबराचे किंवा प्लॅस्टिकचे पॅड दोन्ही दारांसमोर आहेत का, ते बघा. मागचं दार चाकाजवळ येतं, आणि बऱ्याच पायऱ्यांचं पॅड तिथपर्यंत पोचतच नाही.

पायरी किती खाली असावी? सासूबाईंचं ऐकलं तर जितकी खाली तितकी बरी. पण गाडीचं पोट नेमकं त्याच जागी आधी टेकतं. इसुझूच्या व्ही-क्रॉसचा व्हीलबेस 3095 मिलीमीटर, टोयोटा हायलक्सचा 3085, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटरहून जास्त अंतर. ठाण्यातल्या सोसायट्यांच्या बेसमेंटचा उतार जिथे वरच्या सपाटीला मिळतो, तिथे पुढची चाकं पलीकडे गेलेली असतात, मागची अजून उतारावर असतात आणि मधला भाग माथ्याला टेकायला येतो. पायरी बरोबर त्या मधल्या भागात. तेव्हा घेण्याआधी आपल्याच उतारावर गाडी हळू न्या, कुणाला तरी बाजूला बसवून गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली किती जागा उरते ते पाहायला सांगा, आणि गाडी भरलेली असताना पाहा, कारण माल चढला की मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, दबतात. दगडावर आपटली तरी गाडीचं वजन झेलेल अशी जाड नळीची पायरीही मिळते, तिला रॉक स्लायडर म्हणतात. ती जड असते, आणि शहरात फिरणाऱ्या गाडीला तिची गरज नाही, असं माझं मत आहे.

धातूबद्दल आमच्या इकडे जास्त बोलावं लागतं. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. स्टेनलेस म्हणून जे विकतात त्यात 304 आणि 202 असे दोन प्रकार सर्रास असतात. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून ते स्वस्त असतं आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, “बघा ताई, चिकटत नाही, अस्सल आहे.” त्या परीक्षेला अर्थ नाही, कारण चुंबक दोन्हींना जवळजवळ चिकटत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात स्टेनलेसवाल्यांकडे तपासणीचं द्रावण असतं. त्याचा थेंब टाकला की 202 वर लाल रंग येतो. पावडर कोटिंग केलेलं साधं लोखंडही मला मान्य आहे, फक्त पाइपची टोकं नीट बंद केलेली हवीत आणि खालच्या बाजूला पाणी निघायला भोक हवं. आत साठलेलं पाणी बाहेरून दिसत नाही, आणि पाइप आतून सडतो.

आता ज्याबद्दल मी सगळ्यांना अडवून सांगते ते. पायरीपेक्षा तिचं ब्रॅकेट, म्हणजे तिला गाडीशी जोडणारा आधार, महत्त्वाचं. पिकअपची बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, मध्ये रबरी माउंट घालून बसवलेली असते, आणि खड्ड्यात दोन्ही थोड्या वेगवेगळ्या हलतात. एक टोक चासीला, दुसरं बॉडीच्या पत्र्याला असं कायमचं जखडलं तर करकर सुरू होते, आणि पुढे बोल्टाजवळ पत्र्याला चीरही जाऊ शकते. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेल्या ब्रॅकेटला कंपनीनं आधीच ठेवलेली भोकं सापडतात, कित्येकदा आटे पाडलेली आणि वर रबरी बूच लावलेली. एका दुकानात मला सांगितलं होतं, “ब्रॅकेट नाही मिळत, वेल्डिंग मारून देतो, जन्मभर हलणार नाही.” मी गाडी घेऊन परत आले. चासीला वेल्डिंग केलं की तिथलं लोखंड तापून त्याची ताकद बदलते, आणि पोकळ चासीच्या आतला गंजरोधक थर जळतो. बाहेरून तुम्ही रंग लावाल, पण आत ब्रश जात नाही. शिवाय चासीच्या कडेनं ब्रेकची आणि डिझेलची लाइन गेलेली असते. ड्रिल चालवण्याआधी फिटरनं तिथे हात फिरवून दाखवला नाही, तर काम थांबवा.

बसवताना सगळी ब्रॅकेट आधी हातानंच लावायची, पायरी वर ठेवायची, दोन्ही दारं उघडून-मिटून बघायची, लांब उभं राहून ती उंबऱ्याला समांतर आहे का पाहायचं, आणि मगच आवळायचं. बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं असावं, ती त्याच्या ताकदीची खूण. 10 मिलीमीटरच्या अशा बोल्टला साधारण 45 ते 50 न्यूटन-मीटर जोर पुरतो, पण खोक्यातल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, नसलेला फिटर अंदाजानं आवळतो, आणि बॉडीत बसवलेला नट त्या जोरानं सुटून जागच्या जागी फिरू लागला की तो काढणं फार कटकटीचं असतं. काम संपल्यावर मागच्या टोकावर उभं राहून अंग हलवा. पायरी आणि उंबरा यांच्यातली फट बदलताना दिसली तर तिथे आणखी एक ब्रॅकेट हवं. थोडी गाडी चालली की बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्या, पहिल्या पावसानंतर तर नक्कीच.

विमा कंपनीला पायरी लावल्याचं कळवा. बाहेरून बसवलेली वस्तू पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर तिची भरपाई मिळत नाही. बुल बारची गोष्ट मात्र वेगळी. पुढे लावायच्या त्या दांड्यांवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं होतं. पायरीबरोबर तीही स्वस्तात देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

आणि पंक्चरवाल्यानं घाईत जॅक पायरीखाली सरकवला, तर लगेच थांबवा. तिची ब्रॅकेट माणसाच्या वजनासाठी असतात. गाडीच्या पुस्तिकेत जॅकची जागा चित्रासकट दिलेली असते, त्या पानाचा फोटो मी माझ्या ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवला आहे.