कुठले हे जाधव?

घरी आलेला पाहुणा चहा येईपर्यंत भिंतीवरचा फोटो बघतो आणि विचारतो, "वडील का हो तुमचे?" नाही म्हटलं की लगेच, "मग कुठले हे जाधव? आपल्याकडचे?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आपल्याकडचे, सांगलीचे नाहीत, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे. शिपाई नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्री. सांगलीचाच वीर हवा असेल तर मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे आहेत, १९७१ सालचं महावीरचक्र, मरणोत्तर. पण मी पलटणीत रनर होतो आणि जाधवही रनर. रनरनं साहेबाच्या मागं राहून निरोप पोचवायचे. लढाई जिंकायला त्याला कुणी नेत नाही.

दुसरं महायुद्ध, इटलीतली सेनिओ नदी. हिवाळाभर ब्रिटिशांची आणि जर्मनांची फौज पूरबांधात खंदक खोदून समोरासमोर बसलेल्या. ९ एप्रिल १९४५ ला हल्ला झाला. पलीकडच्या काठावर चढताच जर्मन मशीनगन सुरू झाल्या. जाधवांबरोबरचे काही जखमी, बाकीचे ठार. धड राहिला तो एकटा रनर.

त्यांनी एका जखमीला उचललं. खाली चार-पाच फूट पाणी, पुढं उभा चढ, चढावर सुरुंग. कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात मी नदीच्या उतारातून गवताचा भारा आणायचो. दरड चढताना ओला पाय सटकला की भारा पाण्यात आणि घरी आईच्या शिव्या. इथं अंगावर माणूस होता. त्याला पोचवून जाधव परत गेले, दुसऱ्याला आणायला.

तिसऱ्यांदा गेले ते लढायला. मशीनगनचा पहिला मोर्चा टॉमीगननं गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तशी ती फेकून दिली आणि आणखी दोन मोर्चे ग्रेनेडनं मोडले. मग तोफगोळ्यांच्या माऱ्यात बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना केली आणि हात हलवून बाकीच्यांना पलीकडं बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक.

शाळेत १५ ऑगस्टला हे सांगतो तेव्हा पोरं गर्जनेला टाळ्या वाजवतात. वाजवू देत. मी अडतो तो दुसऱ्या खेपेपाशी. पहिल्यांदा माणूस तिरमिरीत जातो. दुसऱ्यांदा पाणी किती, चढ कसा, गोळ्या कुठनं, सगळं कळलेलं असतं.

मी असतो तर? पहिल्यांदा गेलो असतो, एवढं छातीठोक सांगतो.