बोयांच्या नोंदींवरून एल निनोचा अंदाज: माझा अनुभव

प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातल्या ताओ बोयांच्या (समुद्रात नांगरून ठेवलेल्या, तापमान मोजणाऱ्या तरंगत्या ठोकळ्यांच्या) फाइली उतरवणं, रोजच्या सरासऱ्या वाचणं, दीर्घकालीन सरासरी वजा करणं, हे सगळं विनातक्रार पार पडतं. घोडं अडतं ते 20 अंश समतापरेषेच्या खोलीपाशी, म्हणजे पाणी जिथे 20 अंश सेल्सिअसचं होतं त्या खोलीपाशी. आणि नेमकी हीच पायरी बहुतेक मार्गदर्शिका एका ओळीत उरकतात, याची मला अजूनही चीड येते.

वरचं उबदार आणि खालचं थंड पाणी जिथे भेटतं, ती सीमा या खोलीवरून ओळखतात. पूर्वेकडच्या पृष्ठभागाचं तापमान चढण्याआधीच ती हलते, म्हणून अंदाजाचा भार तिच्यावर. पण बोयाखालच्या तारेवर सेन्सर मोजकेच. अनेक ठिकाणी 100 मीटरच्या खाली ते 120, 140, 180, 300 आणि 500 मीटरवर असतात. समजा, 120 मीटरवर 24 अंश, 140 वर 19, 180 वर 14 आणि 300 वर 12 अंश आहे. सेन्सरांच्या मधलं तापमान सरळ रेषेने भरलं तर 20 अंश 136 मीटरवर येतं. 140 चा सेन्सर बंद पडला की तेच उत्तर 144 होतं. 180 चाही गेला, की थेट 180 मीटर! समुद्र जागचा हललेला नसताना सीमा 44 मीटर खाली गेलेली दिसते, अगदी केल्विन लाट, म्हणजे ही सीमा खाली दाबत विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारी समुद्रातली लाट, आल्यासारखी.

म्हणून माझा नियम कडक आहे: समतापरेषेच्या वरचा आणि खालचा लगतचा सेन्सर, दोन्ही चालू नसतील तर तो दिवस रिकामा सोडायचा. आलेख तुटक दिसतो, दिसू दे.

लाट खरी की खोटी, हे शेजारचा बोया सांगतो. केल्विन लाट सेकंदाला साधारण अडीच मीटर वेगाने पूर्वेकडे जाते. विषुववृत्तावर 155, 140, 125 आणि 110 अंश पश्चिमेला बोये आहेत, म्हणजे दर 15 अंशांना तिला आठवडाभर लागतो. पुढच्या बोयावर काहीच उमटलं नाही, तर आधी सेन्सरवर संशय घ्या.

हे करण्याआधी फाइलमधला नोंदीच्या गुणवत्तेचा आकडा पाहायला हवा, ते सांगायचं राहिलं. 1 म्हणजे उत्तम, 4 म्हणजे कमी दर्जाची नोंद, 5 म्हणजे सेन्सर निकामी. नोंद कुठून आली तेही तपासा. उपग्रहामार्गे लगेच आलेली दैनिक सरासरी वेगळी आणि बोया वर काढल्यावर त्याच्या स्मृतीतून मिळालेली बारीक नोंद वेगळी. सरासरी काढताना दोन्ही नकळत मिसळल्या, तर सांध्यावर आलेखात पायरीसारखी खोटी उडी दिसते.

नोंदींतल्या मोकळ्या जागा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. बोयांभोवती ट्यूना जमतो, मागोमाग मासेमारी बोटी येतात आणि उपकरणं तुटतात. 2012 नंतर देखभालीच्या फेऱ्या घटल्या आणि 2014 च्या सुरुवातीला ताओच्या नोंदी अपेक्षित नोंदींच्या 40 टक्क्यांच्या आसपास आल्या. या काळाच्या नोंदींवर अंदाजाचं संगणकीय प्रारूप (मॉडेल) शिकवत असाल, तर अर्गो या वेगळ्या प्रकल्पाच्या, समुद्रात मुक्त तरंगणाऱ्या उपकरणांशी पडताळा घ्याच. त्यांचं प्रत्येक उपकरण साधारण दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंतचं तापमान देतं.

क्षारतेच्या ताज्या नोंदींवर मी तर भरवसाच ठेवत नाही. सेन्सरवर शेवाळ आणि जीव चढतात, तशी क्षारता हळूहळू कमी दिसू लागते. ती दुरुस्ती सेन्सर परत आणून पुन्हा तपासल्यावरच होते.


आणि मजकूर फाइलमध्ये गहाळ नोंदीच्या जागी -9.99 सारखा आकडा असतो. तो आधी काढून टाका, नाहीतर मासिक सरासरीत तो तापमान म्हणून मोजला जातो.