किबालेच्या जंगलात उंदीर बघायला

युगांडाला जातोय म्हटल्यावर घरचे, ऑफिसातले सगळे एकच विचारत होते, "गोरिला की चिंपांझी?" आम्ही दोघं मात्र निघालो होतो जंगली उंदीर बघायला.

फोर्ट पोर्टलजवळचं किबाले म्हणजे साधारण 1100 ते 1600 मीटर उंचीवरचं घनदाट, सदाहरित रान. चिंपांझींसाठी दिवसा कान्यांचूच्या पर्यटक केंद्रावर गर्दी होते. आम्ही तिथूनच निघणारी रात्रीची फेरी घेतली. अर्ध्या तासात वाटाड्याने हात करून थांबवलं. शेवाळलेल्या आडव्या खोडावर मुठीत मावेल एवढा जीव बसला होता. पाठ तपकिरी, पोट पांढुरकं, शेपटी अंगापेक्षा लांब. उंबरासारखं फळ पुढच्या पंजांत धरून तो ते गोल गोल फिरवत कुरतडत होता आणि मिशा सारख्या थरथरत होत्या. मिनिटभर बघू दिलं, मग खोडाखाली दिसेनासा झाला.

वाटाड्या म्हणाला, "प्राओमिस असावा." त्याचं 'असावा' मला फार आवडलं. जॅक्सनचा प्राओमिस आणि हायलोमिस्कस हे इथले दोन वेगळे जंगली उंदीर, पण टॉर्चच्या उजेडात जवळजवळ सारखेच दिसतात; हातात घेऊन तपासल्याशिवाय खात्रीने सांगू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचोळ्यात खुसफुस झाली आणि पाठीवर काळी रेघ असलेला हायबोमिस नावाचा उंदीर पळाला. हा दिवसा हिंडतो, प्राओमिस रात्री. जमीन एकच, पाळ्या दोन!

आधी परवानगी काढून कान्यावाराच्या संशोधन केंद्रालाही गेलो. तिथे जे समजलं ते अजून डोक्यातून जात नाही. 1960च्या दशकात या भागात लाकूडतोड झाली. मोठी झाडं गेली, ऊन जमिनीपर्यंत पोचलं, काटेरी झुडपं माजली. त्या आडोशाला उंदीर वाढले आणि पडलेल्या बिया, कोवळी रोपं फस्त करू लागले. हत्तीही याच मोकळ्या जागी चरतात, रोपं तुडवतात. म्हणून तोडलेलं रान इतक्या वर्षांनीही पुरतं भरून आलेलं नाही. न तोडलेल्या पट्ट्यातून चालत तिथे आलात की फरक डोळ्यांना दिसतो.

जाणाऱ्यांसाठी: पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या आणि दाखला पासपोर्टसोबतच ठेवा. युगांडात शिरताना तो लागतोच, पण परतताना भारतातही मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. पँट मोज्यांत खोचा. लष्करी मुंग्यांची रांग अंधारात दिसत नाही आणि त्या चावल्या की सुटत नाहीत. डोक्याला बांधायचा टॉर्च लाल उजेडाचा घ्या, पांढऱ्या झोताने उंदीर लगेच पळतात. डिसेंबर ते फेब्रुवारी किंवा जून ते ऑगस्टमध्ये पाऊस कमी असतो, पण भरवसा नाही. आमची पहिली रात्र पावसातच गेली, म्हणून मुक्काम दोन रात्रींचा ठेवा.