गेजचा काटा सातवर होता

जुलै हा फॉर्म बीचा, म्हणजे आगीच्या यंत्रणेच्या सहामाही प्रमाणपत्राचा महिना. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणा तपासून ती सुस्थितीत चालू असल्याचं प्रमाणपत्र अग्निशमन दलाला द्यावं लागतं. यंत्रणा सांभाळण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. सोसायटीत ती प्रत्यक्षात कमिटीवर येते. माझं काम तपासणीचं. ही इमारत ठाण्यातली, स्टिल्ट अधिक 22 मजले, सर्वांत वरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, साधारण 68 मीटरवर.

पंपरूममध्ये शिरल्याबरोबर पंप ऑपरेटर म्हणाला, "साहेब, प्रेशर एकदम बरोबर आहे, सात किलो." काटा खरंच सातवर होता. मला तो आकडाच खटकला. दहा मीटर पाण्याची उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब. 68 मीटरपर्यंत पाणी नुसतं उभं राहायलाच 6.8 किलो लागतात, आणि वरच्या हायड्रंटला किमान साडेतीन किलो मिळायला हवेत. म्हणजे इथल्या गेजवर दहाच्या पुढे आकडा पाहिजे. सात याचा अर्थ फार तर पाइप भरलेला आहे, पण दाबाखाली नाही.

गेजखालचा छोटा कॉक पाहिला तर आडवा, म्हणजे बंद. कधीतरीचा दाब गेजमध्ये कोंडून राहिला होता आणि ऑपरेटर रोज तोच वाचत होता. कॉक उघडला. काटा घसरत दोनवर येऊन थांबला. दोन किलो म्हणजे वीस मीटर, साधारण सहावा मजला. त्याच्या वरचे सोळा मजले रायझर, म्हणजे हायड्रंटना पाणी नेणारा उभा पाइप, कोरडा.

पॅनेलवर छोटा जॉकी, विजेवरचा मेन आणि डिझेल, तिन्ही पंपांचे सिलेक्टर 'ऑफ'वर. ऑपरेटरने खरं ते सांगितलं. एप्रिलपासून जॉकी पंप दर चार-पाच मिनिटांनी सुरू व्हायचा, पहिल्या मजल्यावरच्यांनी रात्रीच्या आवाजाची तक्रार केली, आणि कोणीतरी बंद करायला सांगितलं. जॉकीचं कामच मुळी गळतीने उतरलेला दाब भरून काढण्याचं. तो सारखा चालू-बंद होतो तेव्हा लाइन कुठेतरी गळत असते. इथे गळती तशीच राहिली आणि ती सांगणारा पंप बंद झाला.

कुठे गळतंय ते काट्यानेच दाखवलं होतं. सहाव्या मजल्याचा होजबॉक्स उघडला. लँडिंग व्हॉल्व्हखाली (मजल्यावरच्या हायड्रंटचा व्हॉल्व्ह) प्लास्टिकची बादली, पत्र्याचा तळ गंजून भोक पडलेलं, होजच्या गुंडाळीला बुरशी. व्हॉल्व्हचा रबरी वॉशर चिरला होता. सफाईवाल्या मावशी बादली दोन दिवसांआड ओतायच्या. त्यांनी वॉचमनला दोनदा सांगितलंही होतं. टेरेसच्या टाकीने तरी रायझर भरलेला ठेवायला हवा होता, पण मे महिन्यात वॉटरप्रूफिंगसाठी बंद केलेला तिथला व्हॉल्व्ह परत कोणी उघडलाच नव्हता.

चेअरमन म्हणाले, "अहो, पण जानेवारीचा फॉर्म बी आहे की आपल्याकडे." होता, आणि जानेवारीत यंत्रणा चालत असेलही. कायद्याने सांगितलेलं काम मात्र बारा महिन्यांचं आहे, आणि आगीच्या उपकरणांत छेडछाड करायला त्याच कायद्याने मनाई केली आहे. पंप 'ऑफ' करून ठेवणं ही माझ्या मते छेडछाडच, मग कारण आवाजाचं असो की विजेच्या बिलाचं. सेक्रेटरींनी लॉगबुक आणलं. दर रविवारी 'ओके'. आकडा एकही नाही.

वॉशर बदलला, टेरेसचा व्हॉल्व्ह उघडला, हवा काढत रायझर भरला. दाब साडेदहा किलोवर उतरला की जॉकी सुरू आणि अकरा किलोवर बंद, मेन पंप नऊ किलोवर सुरू, डिझेल आठवर, असं सेटिंग करून तिन्ही सिलेक्टर 'ऑटो'वर टाकले. मग टेरेसवर होज लावला, दोघांनी ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची नळी, धरली आणि हायड्रंट उघडला. खाली कोणी हात न लावता मेन पंप उचलला. आधी गंजाचं काळं पाणी, मग स्वच्छ. वर 3.6 किलो मिळाले. हा पंप आपोआप सुरू होतो, पण बंद हातानेच करायचा असतो, आग विझवताना मध्येच थांबू नये म्हणून. ऑपरेटरला हे माहीत नव्हतं.

शेवटी मुख्य वीज तोडून डिझेल पंप पाहिला. स्टार्टर नुसता कुरकुरला. बॅटरी मेलेली, कारण चार्जरच्या सॉकेटवर मोबाइल लागलेला. आग लागली की वीज सगळ्यात आधी जाते, त्यामुळे हा पंप चालणार नसेल तर बाकीचं सगळं चालून उपयोग नाही. त्या दिवशी मी सही केली नाही.

मजले उतरताना आणखी निघालं. रेफ्यूज एरियाला, म्हणजे आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायच्या जागेला, ग्रिल आणि कुलूप, किल्ली गेटवर. इलेक्ट्रिकल डक्टमध्ये चौदा मजल्यांवर केबलभोवतीचं सीलिंग फोडलेलं, बहुतेक इंटरनेटवाल्यांनी. हात आरपार जाईल एवढी भोकं. असा डक्ट म्हणजे उभं धुराडं. स्टिल्टमध्ये मीटररूमला लागून जुन्या गाद्या आणि खोके. गोरेगावात 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे इमारतीच्या पार्किंगमध्ये पेटलेल्या आगीत माणसं गेली, एवढंच मी कमिटीला सांगितलं. गाद्या माझ्यासमोरच हलल्या.

लॉगबुकात आता चार रकाने आहेत: गेजचा आकडा, जॉकी दिवसात किती वेळा सुरू झाला, डिझेलची पातळी, बॅटरीचा व्होल्टेज. दर रविवारी दोन्ही मोठे पंप पाच मिनिटं चालवायचे आणि खाली कमिटीतल्या एकाने नावानिशी सही करायची. मावशींनाही सांगितलंय, कुठल्याही होजबॉक्समध्ये पाणी दिसलं तर थेट सेक्रेटरींना फोन.

बॅटरी दोन दिवसांत बदलली, डिझेल पंप पहिल्या झटक्यात सुरू झाला. रेफ्यूजचं कुलूप निघालं. डक्टचे पाच मजले सील झालेत, नऊ बाकी आहेत. सेक्रेटरी रोज फोन करून सही मागतात आणि मी रोज कितवा मजला झाला ते विचारतो. 31 तारखेला अजून आठ दिवस आहेत.