चाचणी मी घेणार नाही, हे पटवून देताना

माझा संशोधन आराखडा एका छापील वाक्यापाशी अडकला होता: ‘माहिती संशोधकाने स्वतः संकलित केली आहे.’ खाली सही करायची. वाचन शिकवण्याची नवी पद्धत माझी, ती यशस्वी व्हावी ही इच्छाही माझी. मग मुलांची तोंडी चाचणी मीच कशी घेऊ?

आराखडा मंजूर करणाऱ्या समितीचं उत्तर दर वेळी एकच. बाहेरच्या माणसांनी आणलेल्या माहितीवर विश्वास कसा ठेवायचा? तुम्ही प्रामाणिक आहात ना, मग झालं! याचा मला अजून राग येतो. प्रश्न प्रामाणिकपणाचा नव्हताच. मूल शब्दाशी अडखळलं की आपण किती थांबतो, नकळत मान डोलावतो का, अर्धवट उच्चार बरोबर धरतो का, यावर गुण ठरतात. प्रायोगिक गटातल्या, म्हणजे नव्या पद्धतीने शिकलेल्या, मुलाला दोन सेकंद जास्त मिळाले तरी निकाल झुकतो. १९६३ मध्ये रोझेंथाल आणि फोड या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उंदीर दिले. काहींना सांगितलं हे हुशार, काहींना सांगितलं हे मठ्ठ. खरं तर उंदीर सारखेच होते. तरी चक्रव्यूहात ‘हुशार’ उंदीर सरस ठरले. हे लिहून दिलं, तरी कागद परतच आला.

मार्ग निघाला तो कार्यपद्धतीच्या एका पानाने. चाचणी कोण घेणार, त्यांना गृहीतक आणि गट का सांगायचे नाहीत, अडखळल्यावर नेमके किती सेकंद थांबायचं, ध्वनिमुद्रण कोण तपासणार, सगळं त्यात होतं. प्रतिज्ञेत ‘माझ्या देखरेखीखाली’ एवढे शब्द बदलून मिळाले. तुमचा आराखडा मंजूर व्हायचा असेल तर हे पान पहिल्याच दिवशी जोडा. मंजुरी हातात आली तेव्हा खरंच हायसं वाटलं.

पुढचं काम सरळ झालं. फक्त एक गट एका संकलकाकडे, म्हणजे चाचणी घेणाऱ्याकडे, आणि दुसरा दुसऱ्याकडे असं कधीही करू नका. मग फरक पद्धतीचा की माणसाचा, हे कळायला वाव राहत नाही. प्रत्येकाकडे दोन्ही गटांतली मुलं द्या. संकलकाचं वय, लिंग, बोलीभाषा यांमुळेही मूल खुलतं किंवा गप्प होतं, तो परिणामही त्यामुळे दोन्हीकडे सारखा वाटला जातो.

दोन परीक्षकांचं ९० टक्के उत्तरांवर एकमत झालं म्हणून लगेच खूश होऊ नका. दोघंही ९० टक्के उत्तरं बरोबर ठरवत असतील, तर निव्वळ योगायोगानेच ८२ टक्के एकमत होतं. कोहेनचा कप्पा (kappa), म्हणजे योगायोग वगळून एकमत मोजणारा आकडा, काढला की तो १ पैकी जेमतेम ०.४४ येतो. हे एकमत मध्येही एकदा तपासा, कारण सुरुवातीची कडक तपासणी हळूहळू सैल होते.

आणि शाळेतल्या शिक्षकांना आधीच सांगून ठेवा: कोणता वर्ग कोणत्या गटात आहे, हे चाचणी घेणाऱ्यांसमोर बोलायचं नाही.