मायची डबी आणि माघातली वारी
रेल्वे भुसावळला पोचली तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. पुण्याहून निघताना पिशवीत स्वेटर, पाण्याची बाटली आणि तपकिरीची एक चपटी पत्र्याची डबी एवढंच घेतलं होतं. डबी मायची. तपकीर आजोबा ओढायचे, ते गेल्यावर मायने डबी घासूनपुसून आपल्या कामाला लावली. आत एक जाड सुई, दोऱ्याचं बंडल, हळदीची पुडी आणि चिंध्या.

माय म्हणजे माझी आजी. वडील तिला माय म्हणायचे, मग आम्ही नातवंडंही आणि पुढे सगळी गल्लीच. जन्मसाल विचारलं की सांगायची, "फैजपूरले काँग्रेस भरली व्हती त्या साली." म्हणजे १९३६. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते. तिच्या वडलांनी मांडवासाठी बैलगाडीतून बांबू वाहिले. आमच्या घराण्याचा स्वातंत्र्यलढ्यातला वाटा एवढाच, पण माय तो ताम्रपटासारखा मिरवायची.

भुसावळहून वरणगावमार्गे मुक्ताईनगरची एसटी धरली. खिडकीतून दोन्ही बाजूंना केळीचे मळे आणि मधेच कापूस वेचून झालेली काळी रानं दिसत होती. मुक्ताईनगरला जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. शेजारच्या बाईंनी तिकीट काढतानाही तेच म्हटलं आणि कंडक्टरला ते वावगं वाटलं नाही.

माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत इथे संत मुक्ताईची यात्रा असते. गावोगावच्या दिंड्या चालत येतात. माय तापीच्या उत्तरेकडची, यावल तालुक्यातली. नदी ओलांडून तिची दिंडी यायची. तिला टाळ धरता येत नव्हता आणि आवाजही बेताचाच, म्हणून ती कायम दिंडीच्या शेपटाला. लंगडणारा, मागे पडणारा, रुसून बसलेला, सगळे तिच्या वाट्याला. कुणी पाय आखडता घेऊन चालू लागलं की माय त्याला बांधावर बसवायची आणि डबी काढायची. "काटा पायात घिऊन मुक्ताईले भेटायले चालली का व?" बाभळीचा काटा सुईने कोरून काढायचा, हळद दाबायची, चिंधी बांधायची. तोवर दिंडी पुढे गेलेली असायची. ती कितीदा तरी आरती संपल्यावर देवळात पोचली असेल. आजोबा चिडायचे, "देव पाह्यलाच नही न तू!" ती हसायची.

मला मात्र ती आठवते ती कानबाई देवीच्या रोटांच्या वेळी. श्रावणात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा आणि त्याचे रोट करून भाऊबंदांनी मिळून खायचे, अशी आमच्याकडची रीत. माय मोजायची आणि शेवटी हळूच माझ्या नावाची मूठ टाकायची. काकू एकदा म्हणाल्या, "पोरीची नसते." माय म्हणाली, "जास्तीची पडली, मोजताना चुकली मी." दर वर्षी चुकायची.

मुक्ताईनगरात नवं देऊळ आहे, कोथळीला जुनं. मी जुन्यात आधी गेले. सन १२९७ च्या सुमारास तापीतीरी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, असं वारकरी मानतात. ज्ञानेश्वर रागावून ताटी लावून बसले तेव्हा बाहेर उभी राहून समजूत घालणारी हीच धाकटी बहीण. आमच्या घरात कुणी रुसून खोलीचं दार लावलं की माय दाराशी जाऊन बसायची. बोलायची काही नाही, शेंगा सोलायची. शेंगांच्या आवाजाने पोरं बाहेर यायची, हा अनुभव आहे.

दुपारी अ‍ॅपे रिक्षाने चांगदेवला गेले. तिथे तापी-पूर्णेचा संगम, आणि त्याच्या काठी चांगदेवाचं काळ्या दगडाचं देऊळ. शिखर नाही. माय सांगायची, एका रात्रीत बांधायला घेतलं न कोंबडा आरवला. हतनूर धरणाचं पाणी इथवर चढतं, त्यामुळे पात्र रुंद, संथ, तळ्यासारखं. माय सांगायची तो पिंपळ मला काही सापडला नाही. देवळामागे तुरीच्या काड्यांवर वांगी भाजणं चालू होतं. भरीत मुसळाने ठेचून, कांद्याची पात आणि हिरवी मिरची घालून, कळण्याच्या भाकरीबरोबर. आधी जेवले, मग दर्शन. मायला चाललं असतं.

पायरीवर एक मुलगा, नऊ-दहा वर्षांचा, पाय धरून बसला होता. दिंडीतला. तळव्यात काटा. मला हर्षच झाला म्हणायचा! डबी काढली. सुई गंजलेली. तरी पायरीवर घासली आणि कोरायला घेतलं. पोरगं किंचाळलं. माझा हात थरथरू लागला, काटा आणखी आत गेला.

"सरक व माय," म्हणत एक बाई मांडी घालून बसल्या. डोक्यावर पदर, कपाळावर बुक्का. स्वतःच्या गाठोड्यातली सुई काढली, दोन कोरण्यांत काटा बाहेर. "हळद हाये का?"

मी डबी पुढे केली. पुडीतली हळद कधीची, कोण जाणे. त्यांनी ती दाबली, चिंधी बांधली, डबी बंद करून सहज आपल्या पिशवीत टाकली. तेवढ्यात टाळ वाजले, दिंडी उठली. "अहो, ती..." एवढं तोंडातून निघालं. त्यांनी वळून पाहिलं, मला वाटतं मी निरोप घेतेय असं समजून हात हलवला, आणि पोराच्या मागोमाग, दिंडीच्या अगदी शेवटी, निघाल्या.

पाचची एसटी मिळाली. उभ्याने यावं लागलं.