किप्पा अपडेट: पांढरे झाले, आता डाळिंबवाला

तर मंडळी, तिश्री या हिब्रू महिन्याच्या सणांसाठी किप्पे विणायला घेतले होते त्याचं अपडेट. नवीन मेंबरांसाठी, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्यातले, आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, पुरुषमंडळी डोक्यावर घालतात ती छोटी गोल टोपी म्हणजे किप्पा. बाजारात सॅटिनचे मिळतात पण ते केसांवरून घसरतात आणि क्लिपा लावत बसावं लागतं, क्रोशाचा सुती किप्पा मात्र मस्त पकड घेतो.

पांढरे सगळे झालेत. तेच आधी घेतले कारण योम किप्पूरला, म्हणजे आमच्या दरफाळणीच्या उपासाच्या सणाला, सगळे पांढऱ्यातच असतात. मर्सराइज्ड कॉटन, 1.5 ची सुई, मॅजिक रिंगमध्ये (सुरुवातीचा आवळता येणारा फास) 6 मुके खांब (क्रोशाचा सगळ्यात बुटका टाका) आणि मग प्रत्येक फेरीला 6 वाढवत जायचं. साधारण 10 सेंमीचं सपाट वर्तुळ झालं की एक फेरी सोडून वाढवायचं आणि शेवटच्या फेऱ्यांना वाढ बंद, तिथेच वाटीसारखा बाक येतो. मोठ्या माणसाला टेप बाकावरून धरला तर 16-17 सेंमी पुरतं. कडेला साखळीची झालर अजिबात नको, पुरुषांच्या डोक्यावर ती डॉयली, म्हणजे टेबलावरचा लेसचा रुमाल, वाटते!

आता खरी मजा, दोन रंगांचा डाळिंबवाला. रोश हशानाला, आमच्या नव्याच्या सणाला, डाळिंब लागतंच म्हणून कडेने डाळिंबांची नक्षी घेतलीय, मरून आणि क्रीम. गोल गोल विणताना मुका खांब जरा उजवीकडे कलतो हे तुम्हाला माहितीच आहे, साध्या विणीत कळत नाही पण नक्षीत सगळी डाळिंबं वारा आल्यासारखी तिरकी होतात. त्यावर उपाय असा की धागा सुईवर घ्यायच्या ऐवजी सुई धाग्याच्या वरून नेऊन तो ओढून घ्यायचा, टाका आवळ येतो आणि कल बराच कमी होतो. हात दुखतो, पण नक्षी सरळ दिसते. न वापरलेला रंग आतून नेत राहायचा, क्रीममधून मरून डोकावतो थोडा, मला चालतंय.

सध्या स्पीड कमी आहे कारण घरात चिकाचा हलवा सुरू झालाय. गहू भिजवून वाटून चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध, साखर, आणि मग ढवळत उभं राहायचं, हात सोडला की तळाला लागलंच. मांसाच्या जेवणासोबत आम्हाला गाईम्हशीचं दूध चालत नाही म्हणून नारळाचं, आणि खरं सांगू का, कोकणातल्या माणसाला तेच जास्त आवडतं. हल्ली बरेच जण चायनाग्रास घालून झटपट करतात, पण आई ऐकत नाही. गुलाबी रंग, वर बदाम-पिस्ते, ताटात थापून वड्या. आणि दरफाळणीचा उपास सोडायला पुऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्या. तुपकट हाताने क्रीम धाग्याला हात लावायचा नाही हा आमच्या घरी कायदा आहे.

आमच्या पणजोबांच्या फोटोत किप्पा नाहीये बरं का, चांगली बांधलेली पगडी आहे. आणि बायकांचं डोकं झाकायचं काम पदरानेच व्हायचं, आई अजूनही सिनेगॉगमध्ये पदरच घेते. पण ड्रेस किंवा कुर्ता घालणाऱ्या आम्ही मुली ओढणी नाहीतर रुमाल शोधत फिरतो, म्हणून पुढचा प्रोजेक्ट तोच, डोक्यावर घ्यायचा जाळीचा तिकोनी रुमाल. बारीक धागा आणि खांब-साखळीची साधी जाळी असं डोक्यात आहे, हलका हवा, कारण दरफाळणीला दिवसभर प्रार्थना असते आणि त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरचा उकाडा.

त्याआधी सिम्हात तोराला पोरांचे रंगीत किप्पे द्यायचेत, 23 तिश्रीचा सण, तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, हातात घेऊन नाच चालतो आणि पोरं नुसती पळत असतात. त्यांच्यासाठी 13 सेंमी आणि आतून क्लिप अडकवायला छोटी साखळीची पट्टी. ही पट्टी विणतानाच घ्यावी की मागून शिवावी? कोणी लहान मुलांच्या टोप्यांना लावली असेल तर सांगा.